पायी कायले जाता?

वर्धा जिल्ह्यात जंगल आहे, पण ते बसून पाहायचे. सेलू तालुक्यातल्या हिंगणीवरून पुढे गेले की बोरधरण लागते, फाटकाशी नाव लिहायचे, जिप्सीत बसायचे, आणि मग परत येईपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. नियम योग्यच आहे. 1970 मध्ये अभयारण्य झालेले बोर 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. देशातल्या सगळ्यांत लहान प्रकल्पांत त्याची गणना, गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटर. एवढ्याशा रानात वाघाने संसार थाटायचा, तर माणसाने निदान उतरून गर्दी करू नये.

तरी पायांना खाज सुटतेच. मार्चमध्ये सागाची पाने गळून खाली हातभर कुरकुरीत थर साचलेला असतो, मोहाचा दारूसारखा वास पहाटेच्या गारव्यात अंगावर येतो, पळस पेटलेले असतात, आणि आपण इंजिनाच्या घरघरीत हा सगळा ऐवज मागे टाकत जातो. मधूनच एखादी पायवाट रस्ता ओलांडून आत शिरते. ती हरणांची की पूर्वी कधी ढोरक्यांनी गुरे हाकून पाडलेली, हे विचारायच्या आत गाडी वळण घेते. जंगल पाहिले, असे घरी सांगता येते. जंगलात गेलो होतो, असे म्हणताना मात्र जीभ थोडी अडखळते.

पायी चालायचा हक्क तिथे वाघाचा. तोही कुंपणापर्यंतच. बोरचा बाजीराव नावाचा नामांकित वाघ 2017 च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्ग ओलांडताना बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. बोरसारखे छोटे रान टिकते ते पेंच, ताडोबा, मेळघाटाकडे जाणाऱ्या वाटा शाबूत असतील तर. त्या वाटांवर आपण चौपदरी रस्ते घातले, आणि तो बिचारा आपल्या जुन्या रस्त्यानेच निघाला होता.

मग आमच्याकडची माणसे डोंगरात चालायला जातात कुठे? उगाच चालायला कोणी जात नाही, हे आधी सांगून टाकतो. पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी घालून टेकडी चढणाऱ्याला गावात हमखास प्रश्न येतो, "पायी कायले जाता जी? गाडी बिघडली का?" तेंदूपाने तोडायला जाणे समजू शकते, मोहफुले वेचायला जाणे समजू शकते. हौसेने घाम गाळणे पटत नाही. पण देवाचे नाव घ्या, की तीच माणसे चपला हातात घेऊन काट्याकुट्यांतून कोस कोस चालतात.

समुद्रपूर तालुक्यातला गिरड घ्या. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा, चढणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही. खाली वाकून पाहिले तर मातीत सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. बंजारा व्यापाऱ्यांनी फकिराची टर उडवली, त्याने त्यांचा सगळा माल दगड करून टाकला, अशी कथा. भूगर्भशास्त्र म्हणते, लाव्ह्याच्या खडकातल्या पोकळ्यांत झिओलाइट साचून या गाठी झाल्या. मला दोन्ही मान्य आहेत. पोकळी भरायला काहीतरी लागतेच.

देव गुहेतला हवा असेल, तर मी मात्र जिल्ह्याबाहेर पडतो. आष्टीकडून वर्धा नदी ओलांडली की मोर्शी, आणि तिथून पुढे मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकलेली सालबर्डी. महाशिवरात्रीला दोन्ही राज्यांतून इथे माणूस लोटतो. माडू नदी, सातपुड्याच्या पायथ्याचे डोंगर, गरम पाण्याचा झरा आणि डोंगराच्या पोटात महादेव. भस्मासुर मागे लागला तेव्हा देव पळत आला तो या भुयारात लपला, आणि आतल्या आत पचमढीला निघून गेला म्हणतात. महानुभावांना ही जागा वेगळ्या कारणाने पवित्र. चक्रधरांच्या एकांतवासाची ही भूमी, आणि मुक्ताबाई नावाच्या वृद्ध तपस्विनीची आठवणही इथलीच.

आणखीही कोणी इथे येऊन गेले आहे. या परिसरात लाव्ह्याच्या थरांखालचे लॅमेटा खडक उघडे पडले आहेत आणि त्यांत डायनोसॉरची हाडे, अंड्यांची घरटी सापडली आहेत. दख्खनचा लाव्हा ओतला गेला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ही अंडी त्याच्याही आधीची. भस्मासुराला घाबरून लपणारा देव आणि मातीत अंडी पुरून निघून गेलेले ते अजस्र जनावर, एवढे शेजारी या डोंगराने सांभाळले. पण यात्रेत त्याचा कुठे बोभाटा नाही. फलाहाराच्या दुकानांत साबुदाणा आणि शिंगाड्याचा शिरा विकला जातो, अंड्यांची गोष्ट त्या दिवशी कोण काढणार!

भुयारात वाकून जावे लागते. पुढच्याची पाठ, मागच्याचा श्वास, हाताला ओलसर दगड. उभ्याने मिरवायची सवय असलेल्यालाही इथे कंबर मोडावीच लागते. माझ्यापुढे एक म्हातारी होती, नऊवारीचा काष्टा आवळलेला, अनवाणी, माझ्यापेक्षा झपाझप. बाहेर आल्यावर मी तिला विचारले, आजी, हे भुयार खरेच पचमढीपर्यंत जाते का हो?

"जाते ना," ती पदराने घाम पुसत म्हणाली. "पण आपल्याले मोर्शीची गाडी धराची हाय. चाला लवकर."