कौतुक करावं तर नेमकं

म्हैसूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दसऱ्याची मिरवणूक येते, राजवाड्यावरची दिव्यांची आरास येते आणि जिभेवर म्हैसूरपाक येतो. माझी मावसबहीण लग्न होऊन तिकडे गेली, तेव्हा आम्हा भावंडांना तिच्या सासरच्या गावाची एवढीच माहिती होती. पुढे तिच्याकडे माझं जाणं-येणं वाढलं आणि या शहराची दुसरी ओळख झाली. म्हैसूर हे शिक्षक घडवणारं गाव आहे.

इथलं विद्यापीठ १९१६ सालचं. महाराज चौथे कृष्णराज वडियार आणि त्यांचे दिवाण, आपल्या पुण्यात इंजिनिअर झालेले विश्वेश्वरय्या, यांच्या काळात ते उभं राहिलं. पुढे १९६३ साली मानसगंगोत्री भागात प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय सुरू झालं. एनसीईआरटीने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर अशा चार ठिकाणी ही महाविद्यालयं काढली होती. आता त्यांना प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणतात. म्हैसूरकडे दक्षिणेतली राज्यं येतात, आपला महाराष्ट्र आणि गोवा भोपाळकडे. चार वर्षांत विषयाची पदवी आणि बी.एड. एकत्र, हा अभ्यासक्रम या महाविद्यालयांनी साठच्या दशकातच आणला. आवारातच प्रात्यक्षिक शाळा असते. सकाळी जे शिकलं, ते खऱ्याखुऱ्या मुलांसमोर उभं राहून पडताळून पाहायचं.

माझी ताई याच शहरातल्या एका बी.एड. महाविद्यालयात शिकवते. तिथे वर्षअखेरीला एक कौतुक समारंभ होतो. विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी, तिघांचाही एकाच मांडवात. ताईने दरवेळी बोलवावं आणि मी काहीतरी सबब सांगावी, असं चाललं होतं. सत्कार समारंभ आपण काय कमी पाहिलेत? शाल, श्रीफळ, लांबलेली भाषणं आणि मागच्या खुर्च्यांवर पेंगणारी मंडळी. शेवटी एका वर्षी तिच्या आग्रहाखातर गेले.

मला कानडी बेताचंच समजतं. ताई कानाशी लागून भाषांतर करत होती. पहिलं नाव एका छात्राध्यापिकेचं पुकारलं गेलं. माझी अपेक्षा, विद्यापीठात पहिली आली असेल. तसं काही नव्हतं. आंतरवासितेसाठी ती ज्या प्राथमिक शाळेत गेली होती, तिथे तिने चिंचोके आणि आइस्क्रीमच्या काड्यांपासून दशक-एकक शिकवण्याचं साहित्य बनवलं. ती परत आल्यावरही त्या शाळेने ते साहित्य ठेवून घेतलं आणि आजही वापरतात. प्राचार्यांनी एवढंच सांगितलं आणि तिच्या हाती प्रमाणपत्र दिलं.

मग ताईचं नाव आलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिने पीएच.डी. पूर्ण केली होती. पण प्राचार्य नुसतं तेवढं बोलून थांबले नाहीत. त्यांनी सांगितलं, "संशोधनाच्या या सहा वर्षांत बाईंनी विद्यार्थ्यांच्या एकाही सराव पाठाचं निरीक्षण चुकवलं नाही." ताईचं भाषांतर तिथे थांबलं. मी विचारलं, "काय म्हणाले?" तर ती पदराने चष्मा पुसत होती. त्यांचं वाक्य तिने मला घरी आल्यावर सांगितलं.

शेवटचा सत्कार कार्यालयातल्या हेडक्लार्कचा. शिष्यवृत्तीचे अर्ज हल्ली ऑनलाइन भरायचे असतात. आधार कार्डावरचं नाव, बँकेतलं नाव आणि दाखल्यावरचं नाव यात एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज अडकतो. खेड्यातून आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं इथेच गांगरतात. हे गृहस्थ संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर एकेकाला समोर बसवून अर्ज तपासायचे. त्या वर्षी महाविद्यालयातल्या एकाही विद्यार्थ्याचा अर्ज मुदत टळली म्हणून परत आला नव्हता. त्यांच्या डोक्यावर जरीचा म्हैसुरी पेटा ठेवला गेला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवून मांडव डोक्यावर घेतला. त्यांची पत्नी आमच्या पुढच्याच रांगेत होती. ती शेजारणीला म्हणाली ते ताईने मला सांगितलं, "हे रोज उशिरा का येतात ते आज कळलं."

रात्री जेवणं झाल्यावर मी ताईला विचारलं, "गुणवत्ता यादीतली मुलंही असतीलच की. त्यांचं काय?"

"त्यांचीही नावं घेतली की सुरुवातीला. तू चहा पीत होतीस," ताई हसली. मग म्हणाली, "अगं, ही मुलं उद्या मास्तर होणार. त्यांनी वर्गात मुलांना नुसतं 'छान, शाब्बास' म्हणायचं की काय छान झालं ते दाखवायचं, हे आम्ही पुस्तकातून कितीही शिकवलं तरी उपयोग नाही. त्यांचं स्वतःचं कौतुक कसं झालं, तेच त्यांच्या लक्षात राहतं."

याच म्हैसूरमध्ये डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९१८ ते १९२१ महाराजा महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होते. कलकत्त्याला जायला निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी फुलांनी सजवलेल्या गाडीचे घोडे सोडले आणि ती स्वतः ओढत त्यांना स्टेशनवर नेलं, ही हकिगत तिथे आजही सांगतात. पुढे १९६२ पासून त्यांचा वाढदिवस आपण शिक्षक दिन म्हणून साजरा करू लागलो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइजचे मानकरी ठरले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याचं त्यांचं काम त्यामुळे जगापुढे आलं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं जाहीर केलं. कौतुक वाटून घेता येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पण अशी भाग्यं थोडी. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होती. एका वर्षी आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव पाठवा, असं तिला सुचवण्यात आलं. आपल्या कामाची फाइल आपणच तयार करायची होती. आई हसून म्हणाली, "माझं कौतुक मीच लिहायचं आणि खाली सहीही मीच करायची?" तो कोरा कागद कपाटात पडून राहिला. हसण्यावारी नेलं तरी ते तिला लागलं होतं, हे आम्हा मुलांना कळत होतं.

त्या रात्री म्हैसूरहून मी आईला फोन केला आणि हेडक्लार्कची हकिगत सांगितली. मला वाटलं, ती स्वतःच्या पुरस्काराबद्दल बोलेल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आमच्या शाळेचे शिपाईमामा आठवतात तुला? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाडीतली मुलं हाताला धरून ओढा पार करून आणायचे. त्यांच्यामुळे त्या मुलांची हजेरी कधी बुडाली नाही. पटावर हजेरी मी मांडायची, वरिष्ठ मला शाबासकी द्यायचे. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. मीसुद्धा नाही."

पुढच्या आठवड्यात आई एसटीने त्या गावी गेली. सोबत नारळ आणि एक टॉवेल-टोपी. मामा आता थकले आहेत, अंगणात बाजेवर बसून असतात. आईने शाल-श्रीफळाचा थाट केला नाही. कोणत्या वर्षी किती मुलं ओढ्यापलीकडून येत होती आणि त्यातली कोण आज कुठे आहेत, तेवढं मोजून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, हे पुन्हा एकदा सांगा." मग आतून सुनेला आणि नातवाला हाक मारून समोर बसवलं.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या सोसायट्यांतून, ज्ञातिसंस्थांतून गुणगौरव समारंभांची लाट येते. टक्केवारी वाचून दाखवायची, पाकीट द्यायचं, फोटो काढायचा. टक्केवारी जरूर वाचा. त्याबरोबर प्रत्येक मुलाबद्दल एक वाक्य त्याच्या आईवडिलांना किंवा शिक्षकांना विचारून ठेवा, त्याने नेमकं काय केलं याचं. आणि एक खुर्ची शाळेच्या कार्यालयातल्या बाईंसाठी, शिपाईमामांसाठी, रिक्षाकाकांसाठी राखून ठेवा. त्यांच्याबद्दल काय बोलायचं, हे मुलांनाच विचारा. त्यांना बरंच माहीत असतं.