मुसाफिराच्या दोन रकअती

पहाटे पाचला केलाँगहून लेहची बस सुटली तेव्हा अंधारच होता. सीटांखाली, पायात, मधल्या वाटेत सगळीकडे पाठीवरच्या सॅक. पुढे एक लडाखी आजी जपमाळ ओढत बसलेल्या. माझ्या शेजारी नाशिकचा एक पोरगा, मागे पुण्याच्या दोघी मैत्रिणी. परमुलखात मराठी कानावर पडलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"कुठले, दादा?"

"पंढरपूर."

"म्हणजे विठोबाच्या दारातलेच की!"

मी हसलो. खोटं काहीच नव्हतं, आमचं घर खरंच देवळापासून दहा मिनिटांवर आहे. मग नाव सांगितलं. माझं नाव दोन्हीकडे चालतं. आडनाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

उजाडलं तशी रस्त्याच्या कडेने भागा नदी दिसू लागली. केलाँगच्या अलीकडे तांदीला चंद्रा आणि भागा मिळतात आणि पुढे त्या नदीला चंद्रभागा म्हणतात, तीच खाली गेल्यावर चिनाब होते. आमच्या पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा. हे ऐकून मागच्या दोघी खूश झाल्या. सूरजताल आला तेव्हा अख्खी बस एका बाजूच्या खिडक्यांवर झुकली. निळं पाणी, कडेला बर्फ. भागा इथूनच निघते. मग बारालाचा खिंड, ४,८०० मीटरहून उंच. सरचूला चहा-मॅगी झाली. पोराने आईने दिलेले डिंकाचे लाडू वाटले. आजींनाही दिला, त्यांनी आम्हाला सुके जर्दाळू दिले. ओळख अशी जमली की जणू आम्ही घरूनच एकत्र निघालो होतो.

पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणं चढताना वेळ जावा म्हणून किस्से सुरू झाले. पोराने 'त्या लोकां'वरचा एक सांगितला. तसे किस्से आता नवे राहिलेले नाहीत. मागच्या दोघी थोड्या हसल्या. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या घशात अडकलेलं आहे.

लाचुंग ला ओलांडून पांगला बस जेवायला थांबली. तंबूंचे ढाबे, वारा, धूळ. जोहरची वेळ होऊन गेली होती. निघताना अब्बा एवढंच म्हणाले होते, "प्रवासात नमाज अर्धी होते बाबा, माफ नाही होत." मुसाफिराला चार रकअतींच्या जागी दोनच, त्याला कसर म्हणतात. नाव अर्धं सांगायची सवलत मात्र कुठल्या किताबात नाही. तंबूमागे जाऊन कुणाच्या नकळत पढता आली असती. खरं सांगतो, आधी तिकडेच निघालो होतो. पण मग सकाळपासून जे लपवत होतो तेच पुन्हा लपवणार होतो.

बाटली घेऊन बसच्या बाजूलाच वजूला बसलो. वाऱ्यात एका हाताने बाटली धरून दुसरा हात धुणं जमेना. पोरगा सिगारेट ओढत उभा होता. त्याने बघितलं. त्याला कळायला दोन-तीन सेकंद लागली असतील. सिगारेट विझवून तो आला, बाटली माझ्या हातातून घेतली आणि न बोलता पाणी ओतू लागला. हात, तोंड, शेवटी पाय. जॅकेट पसरून पश्चिमेकडे तोंड केलं आणि दोन रकअती पढल्या.

सलाम फेरला तेव्हा पुण्याच्या दोघी बसमध्ये चढत होत्या. त्यातली एक नंतर लेहपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिला राग आला होता, लाज वाटत होती की नुसतं डोकं दुखत होतं, कोण जाणे.

मोरेचं पठार लागलं. सपाट, पिवळं, संपता संपेना. तासभर पोरगा बाहेरच बघत होता. तांगलांग ला सव्वापाच हजार मीटरच्या वर आहे, तिथे माझं डोकं फुटायला आलं, मळमळू लागलं. त्याने खिशातून कापराची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि खिडकीची जागा दिली.

"आधी सांगायचं ना, दादा," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तो किस्सा सांगितला नसतास?"

त्याने विचार केला. "तुमच्यासमोर नसता सांगितला."

उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून मला ते आवडलं. माफी त्याने मागितली नाही, मीही त्या हसण्याचा विषय काढला नाही. आमचा हिशेब तिथे बरोबर झाला असं म्हणत नाही. दोघांकडेही थोडी बाकी राहिली.

उपशीला सिंधू भेटली आणि लेहपर्यंत सोबत आली. स्टँडवर उतरलो तेव्हा बाजाराकडून मगरिबची अजान येत होती. आजींनी सगळ्यांना "जुले" केलं आणि पोतं उचलून निघून गेल्या. पोराने फोन काढला, माझा नंबर घेतला.

"आडनाव काय लिहू?"

मी पूर्ण नाव सांगितलं. त्याने ते लिहिलं आणि बरोबर आहे ना म्हणून मला दाखवलं. एक काना चुकला होता. तो मी दुरुस्त केला.