मावशीचा प्रश्न : अध्यात्म, धर्म, ख्रिस्ती धर्म आणि आपला धम्म

गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी संपत आली असताना, आम्ही कुरखेडा तालुक्यातील एका गावात गेलो. आपल्याच समाजातील एक मावशी दर रविवारी ख्रिस्ती प्रार्थनेला जाते, असे कार्यकर्त्यांनी कळवले होते. आम्ही समजावायला गेलो, तर मावशीनेच विचारले, "भाऊ, मी दोन महिने तापानं खाटेवर होती. पास्टर तीनदा आला. विहारातून कोन आलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. विहाराला कुलूप होते.

परतताना सोबतचा तरुण म्हणाला, "अध्यात्म, धर्म, ख्रिश्चन, सगळं एकच. माणसाला आधार पाहिजे." आधार पाहिजे, हे खरे. सगळे एकच, हे मात्र खोटे.

अध्यात्म या शब्दातच आत्मा आहे. तथागतांनी नित्य आत्मा नाकारला, आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्यावरील विश्वास अधम्मात टाकला. धर्म म्हणजे ईश्वर, प्रार्थना, कर्मकांड. तो ज्याचा त्याचा खाजगी. धम्म सामाजिक आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की धम्म लागतोच. ख्रिस्ती धर्म हा अनेक धर्मांपैकी एक. त्यात येशू ईश्वराचा पुत्र आणि तारणहार आहे. बुद्धाने स्वतःला असे स्थान दिले नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही.

मग आम्ही ख्रिस्ती बांधवांना शिव्या द्यायच्या का? मुळीच नाही. धर्म निवडण्याचा हक्क संविधानाच्या कलम २५ ने मावशीलाही दिला आहे. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे काम बाबासाहेबांनी मान्य केले. धर्मांतरानंतरही जात का टिकली, हा जाबही विचारला. आपण दोन्ही लक्षात ठेवावे.

काहीजण सवलतीची भीती घालतात. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. बौद्धांना तो १९९० मध्ये मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाही. आदिवासींना मात्र धर्माची अशी अट नाही. ही माहिती मावशीला जरूर द्यावी. पण दाखल्याच्या भीतीने जो थांबतो, तो धम्मात थांबत नाही, कागदात थांबतो.

बाबासाहेबांनी १९५० सालीच महाबोधी मासिकातील लेखात भिक्खू समाजसेवक व्हावा असे सांगितले होते. १६ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. दरवर्षी आपण त्या दीक्षाभूमीवर हजारोंनी जमतो. पण सतरा तारखेला गावात आजारी माणसाच्या खाटेजवळ कोण असतो?

आता त्या गावात विहार दर रविवारी उघडतो. मुलांची अभ्यासिका चालते, ताप आलेल्यांची यादी आशाताईंकडे जाते. मावशी अजूनही प्रार्थनेला जाते. तिची नात अभ्यासिकेत येते. आम्ही मावशीला काही म्हणत नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर अजून पूर्ण दिलेले नाही.

मित्रांनो, आपल्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे, हे आजच विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!