मोजणीच्या अलीकडचा अभ्यास

महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२३ मधील निर्णयानुसार पदवीच्या विद्यार्थ्याला काही श्रेयांक, म्हणजे अध्यापनाच्या तासांवरून ठरणारी अभ्यासाची एकके, मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरील मुक्त वैकल्पिक विषयांतून मिळवावे लागतात. संख्याशास्त्र किंवा गणित शिकणाऱ्यांना ही अट मोठी उपकारक आहे, हे मत प्रस्तुत लेखिकेचे सोलापुरात, शुक्रवार पेठेत राहून संख्याशास्त्राची पदवी घेताना बनले. वर्गातील अनेकांचा कल सहज गुण देणाऱ्या विषयाकडे होता, आणि शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांच्या बाबतीत तो समजण्यासारखाही होता. लेखिकेने मात्र अर्थशास्त्र घेतले, कारण ज्या शहराची आकडेवारी पुढे हाताळायची, त्या शहराचे पोट कशावर चालते हे संख्याशास्त्राच्या पुस्तकात सापडत नव्हते.

याच विषयाच्या निमित्ताने अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास वाचनात आला, आणि त्यापाठोपाठ यंत्रमाग व हातमाग कामगारांच्या घरी प्रश्नावली घेऊन जाण्याचे काम आले. नमुना निवड, म्हणजे सर्वांना न विचारता सर्वांचे प्रतिनिधित्व करतील अशी मोजकी घरे शास्त्रीय रीतीने निवडणे, हे मुख्य विषयात शिकून झाले होते. पण ‘घरात काम करणारे किती?’ या प्रश्नाला आलेले उत्तर कसे नोंदवावे, हे तेथे शिकवलेले नव्हते. तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषा बोलणाऱ्या या वस्त्यांत दिवसभर घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई ‘मी काही करत नाही, घरीच असते’ असे सांगते, तर घरबसल्या विड्या वळणारी बाई स्वतःला कामगार म्हणवते, कारण तिला हजारी दराने मजुरी मिळते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात घरच्या उद्योगात विनावेतन मदत करणाऱ्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, हे अर्थशास्त्राच्या तासाला आधीच कळले असल्यामुळे पहिल्या बाईची नोंद ‘केवळ घरकाम’ अशी झाली नाही. प्रमाण काढण्याचे सूत्र तिच्या या दोन्ही संभाव्य नोंदींना सारख्याच बिनचूकपणे लागू पडले असते, पण ‘केवळ घरकाम’ या नोंदीतून निघणारे श्रमिक स्त्रियांचे प्रमाण चुकीचे ठरले असते.

या संदर्भात गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. गणितावरच लक्ष केंद्रित करावे असा सल्ला मिळूनही त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात नाना विषयांचे अभ्यासक्रम घेतले, आणि पुढे प्राचीन आहत नाण्यांची, म्हणजे ठसे मारून तयार केलेल्या नाण्यांची, वजने करून, वापराने होणाऱ्या झिजेवरून त्यांचा कालक्रम लावण्याची संख्याशास्त्रीय पद्धत मांडली. नाणे हातोहात फिरते आणि झिजते, हे व्यापाराचे ज्ञान होते. त्याच्या आधाराविना ती वजने निव्वळ आकड्यांची यादी राहिली असती.

अशा बाहेरच्या विषयाऐवजी घेतलेले संगणकीय साधनांचे आणखी एखादे प्रशिक्षण नोकरीसाठी उपयोगी पडते यात शंका नाही, परंतु ते पदवीनंतरही, अल्पावधीत, घेता येते. वस्तीत जाऊन शिकवणारा शिक्षक नंतर क्वचितच भेटतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी विषयाचा अभ्यासक्रम आणि मागील प्रश्नपत्रिका मागून वाचाव्यात, आणि ज्यात क्षेत्रकार्य व दीर्घ लेखन असेल तो विषय, गुणांची खात्री नसली तरी, निवडावा.