चौथीतली एकुलती एक विद्यार्थिनी आणि माझा प्रोग्रॅम



आज थोडा तांत्रिक विषय घेतलाय, पण घाबरू नका. ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांनाही कळेल असंच लिहितो. चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला संकोच नाही.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या केंद्रातल्या शाळांचे वार्षिक गुण एक्सएमएल फाईलमध्ये मिळायचे, प्रत्येक वर्गाची एक फाईल. त्यावरून हाताने गुणपत्रक तयार करायचं म्हणजे दोन-तीन रात्री जायच्या. मला पीएचपीची थोडी आवड होती, म्हणून केकपीएचपी नावाच्या फ्रेमवर्कमध्ये एक छोटं पान बनवलं. फाईल टाकायची, बटण दाबायचं, गुणपत्रक तयार. केंद्रात माझं कौतुकही झालं. खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगली होती.

आता एक्सएमएल म्हणजे काय ते दोन ओळीत. १९९८ साली डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ठरवलेली माहिती लिहिण्याची ही पद्धत. प्रत्येक गोष्ट नावाच्या खुणेत, म्हणजे टॅगमध्ये ठेवायची:

<इयत्ता क्रमांक="४">
<विद्यार्थी><हजेरी>१</हजेरी><नाव>…</नाव><गुण>…</गुण></विद्यार्थी>
</इयत्ता>

(टॅगची नावं समजावीत म्हणून मराठीत लिहिलीत. एक्सएमएलला देवनागरी नावं चालतात बरं का!) पण पीएचपीला काम करायला सोपा पडतो तो अ‍ॅरे, म्हणजे कप्प्यांचं कपाट. केकपीएचपीत एक्सएमएल नावाचा क्लास आहे. त्यातलं टूअ‍ॅरे फाईलचा अ‍ॅरे करून देतं आणि फ्रॉमअ‍ॅरे अ‍ॅरेची पुन्हा फाईल करतं. टॅगच्या आत लिहिलेला गुणधर्म, जसा वरचा क्रमांक, अ‍ॅरेत '@' लावून येतो. उलट जाताना सर्वात वरचा कप्पा एकच लागतो, दोन दिले तर सरळ नकार. एवढं कळलं की काम झालं असं मला वाटलं.

१ मेला झेंडावंदनानंतर निकाल वाटायचे होते. आदल्या दिवशी संध्याकाळी डोंगरावरच्या वस्तीशाळेतल्या सरांचा फोन आला. "सर, माझ्या चौथीत तीन मुलं कुठून आली हो? आणि जी एक आहे, तिचं नाव कुठंय?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पान उघडून बघितलं तर खरंच! पट ३, आणि खाली तीन कोऱ्या ओळी. नाव नाही, गुण नाहीत. त्या वर्गात होती एकच मुलगी. सर पुढे म्हणाले, "तिचे वडील उद्या खाडा करून निकाल बघायला येणारेत. काय दाखवू त्यांना?"

पालकहो, एका लाडवाचं उदाहरण घ्या. मुलाला एक लाडू द्यायचा असेल तर आई तो हातावरच ठेवते. दुसरा द्यायचा म्हटलं की ताटली आणते आणि पहिलाही ताटलीत ठेवते. टूअ‍ॅरे अगदी तसंच वागतं. पहिला विद्यार्थी दिसला की तो तसाच कप्प्यात ठेवतं. त्याच नावाचा दुसरा आला तरच यादी करतं आणि पहिल्याला त्या यादीत ढकलतं. म्हणजे दोन मुलं असतील तर 'विद्यार्थी' या कप्प्यात मुलांची यादी, आणि एकच असेल तर त्या कप्प्यात ते मूलच.

माझा प्रोग्रॅम मात्र ताटली आहे असं धरून चालला होता. त्याने त्या मुलीचे हजेरी, नाव आणि गुण हे तीन कप्पे मोजले आणि तीन विद्यार्थी ठरवले. प्रत्येकात 'नाव' शोधलं, सापडलं नाही. आणि मीच शहाणपणाने लिहून ठेवलं होतं की नाव नसेल तर जागा कोरी सोड. त्यामुळे एररसुद्धा आली नाही. ती आली असती तर महिनाभर आधीच समजलं असतं!

एक्सएमएलचाही यात दोष नाही. एक टॅग म्हणजे एकच गोष्ट की एका नगाची यादी, हे फाईलमध्ये लिहिलेलंच नसतं. ते आपल्याला माहीत असतं, फाईलला नाही. म्हणून एका विद्यार्थ्याची यादी फ्रॉमअ‍ॅरेने फाईलमध्ये घातली आणि पुन्हा टूअ‍ॅरेने वाचली तर यादीपण निघून गेलेलं असतं. लिहिताना दुरुस्ती करून भागत नाही, दर वेळी वाचतानाच करावी लागते.

दुरुस्ती तशी दोन ओळींची. कप्प्यात शून्य क्रमांकाचं घर आहे का बघायचं. असेल तर यादी आहे, चालू द्या. नसेल तर त्या एकट्या विद्यार्थ्याभोवती आपणच कंस घालून यादी करायची. आणि 'विद्यार्थी' हा कप्पाच नसेल तर रिकामी यादी. हे शेवटचं मी घातलं खरं, पण मनात म्हटलं, मुलंच नसलेल्या वर्गाची फाईल कोण पाठवणार?

हे आधी का दिसलं नाही? कारण तपासताना मी माझ्याच वर्गाची फाईल घेतली होती, पट २८. कमी पटाच्या शाळांबद्दल बैठकांमध्ये मी किती बोललो असेन, पण चाचणीला त्यांची फाईल घ्यावी हे काही सुचलं नाही.

रात्री साडेदहाला नवीन गुणपत्रक पाठवलं. पट १, नाव, गुण, सगळं जागेवर. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा मेसेज आला की वडिलांनी कागद दोनदा वाचून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि चहा न घेताच गेले.

जूनमध्ये ती मुलगी पाचवीला खाली आमच्या शाळेत आली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या वस्तीशाळेची चौथीची फाईल आली, तिच्यात इयत्तेचा टॅग होता आणि आत काहीच नव्हतं. प्रोग्रॅमने पट ० छापलं. मी सरांना फोन करून विचारलं, फाईल अर्धवट तर आली नाही ना? ते म्हणाले, "नाही सर, यंदा बरोबर आहे."