काळं पडलेलं केळं

घिवली, शुक्रवार रात्र

चि. सुमास,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आत्या, केळी सगळी काळी पडली, टाकून दिली." मी नुसतं 'हं' म्हटलं. पण दोन दिवस झाले, मनातून जात नाही. अगं, राजेळी होती ती! चांगल्या चार फण्या. बोईसरहून निघून, वसईला गाडी बदलून मी पाठवलेल्या पोराने एवढ्या गर्दीत पिशवी मांडीवर सांभाळत डोंबिवलीला आणली. आणि तू ती ओल्या कचऱ्यात घातलीस?

राजेळी केळं काळं पडलं म्हणजे नासलं नव्हे, तयार झालं. वेलची केळ्याचं निराळं. सालीवर बारीक ठिपके दिसले की खाऊन टाकावं, दोन दिवस थांबलीस की लगदा. राजेळी पिवळंधमक असताना दाठर लागतं, पिठूळ. साल काळी होऊन सुरकुतली, बोटाने दाबल्यावर जरा बसलं, की मग त्याचा दिवस. तापातून उठलीस तेव्हा आईने तुपात परतून, वर गूळ घालून तुला काय भरवलं होतं? बशी चाटलीस ती विसरलीस वाटतं.

थांब, एक विचारायचं राहिलंच. फ्रीजमध्ये तर ठेवली नव्हतीस ना? केळ्याला 13 अंशांखालची थंडी सोसत नाही. साल काळी पडते, आत मात्र कचवटच राहतं आणि बाहेर काढलं तरी मग धड पिकत नाही. ते काळं वेगळं. तसं झालं असेल तर टाकलीस ते एक वेळ समजू शकते. पण ठेवलीसच का?

आता माझ्या दादाचं. साखर आहे म्हणून त्याला हिरवंच केळं द्यावं का, असं तू विचारलंस. आठवीच्या वर्गात मी कच्च्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकायची. चकती निळीकाळी व्हायची. पिकल्या केळ्यावर तोच थेंब तपकिरीच राहायचा आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे यायची. कच्च्या गरात 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. आपलं रोजचं केळं पूर्ण पिकलं की त्यातलं एक-दोन ग्रॅम उरतं, बाकीच्याची साखर होते. तोंड ओढणारा तुरटपणाही तेव्हाच जातो आणि तो वास सुटतो. राजेळीत पिकल्यावरही पिष्ट बरंच राहतं. म्हणून तर ते शिजवायला आणि सुकेळ्यांना बरं.

तेव्हा हिरव्या केळ्यात साखर कमी, हे खरं. त्यातलं काही पिष्ट पचतही नाही. पण कापं तळून, भाजी करून दोन-दोन वाट्या खाल्ली तर शिजलेल्या पिष्टाची पोटात साखरच होणार. 'हिरवं आहे, चालतं' म्हणत दादा किती खातो ते बघ. तो मोजून खाणाऱ्यातला नाही, हे मी तुला सांगायला नको.

आणि बाजारातून आणतेस ती केळी तरी पिकलेली असतात का? अंगावर पिवळी, देठ हिरवा, आत लाकूड. कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी ती पुडी जायची तिथे जातेच. एथिलीन वायूवर पिकवायला माझी हरकत नाही, केळं स्वतःही तोच वायू सोडतं. पण कोवळाच घड उतरवला तर कुठला वायू त्याच्यात गोडी घालणार? केळ्यांच्या कडा बुजून ती गोल व्हायला हवीत. मग पेंढ्यात, गोणपाटाखाली ठेवायचं आणि उघडून उघडून बघायचं नाही. तुम्हाला सगळं सोमवारी आणून मंगळवारी हवं. आई सुकेळी घालायची तेव्हा सोललेली राजेळी किती दिवस उन्हात असायची, आठवतं? रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची, मधाच्या रंगावर आली की वाळल्या केळीच्या पानात बांधायची. कावळ्यांपेक्षा तुम्हा भावंडांचीच राखण जास्त. आता मला एकटीला ते होत नाही. आगाशीहून विकत आणते, घरात सांगत नाही.

सुमा, खरं सांगू? केळ्यांचा राग आता गेला. त्या दिवशी मागे दादाचा आवाज ऐकला. "कोण आहे फोनवर?" असं त्याने तीनदा विचारलं. पाय दुखतो म्हणत होता, तो तुम्ही नीट पाहिलात का? बोटांच्या मधे, टाचेला, उजेडात. त्याला विचारू नकोस, 'काही नाही' म्हणेल.

न्हाणीमागच्या केळीला लोंगर आहे, पण कडा अजून बुजल्या नाहीत. पंधरा दिवस तरी मी हात लावणार नाही. तोवर दादाला डॉक्टरकडे नेऊन आण आणि साखर किती निघाली तो आकडा मला कळव.

तुझी,
आत्या