उतारूंची गाडी आणि मालाची गाडी

पेन्शन घेतल्यावर मनुष्यास कोणता छंद जडेल याचा नेम नाहीं. आमच्या बरोबरीचे कोणी पोथी वाचतात, कोणी पहाटे फिरावयास जातात, आणि बहुतेक आपल्या प्रकृतीविषयीं बोलतात. आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून संस्कृत शब्दरूपें घोकून घेतलीं, आणि आतां साठी उलटल्यावर खेळांतली आगगाडी चालवितों! हिंजवडीस चिरंजिवांच्या अकराव्या मजल्यावरील बिऱ्हाडांत, जेथून आगगाडीची शिटी ऐकावयाची तर चिंचवड किंवा आकुर्डी गांठावी लागते, तेथें आमची गाडी रोज सायंकाळीं सुटते. वाचकांनीं हंसावयाचें असल्यास खुशाल हंसावें. परंतु या खेळापायीं आमचें नातवाशीं जें भांडण झालें, तें मात्र ऐकून घ्यावें.

याचा आरंभ कोथरुडांत झाला. भाऊसाहेब जोशी यांनीं मोठ्या हौसेनें उभारलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय तेथें आहे. तें १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. नातवास दाखवावें म्हणून आम्ही गेलों. एका दालनांत सबंध शहर वसविलेलें. पूल, रस्ते, सिग्नल, आणि त्यांमधून धांवणाऱ्या हातभर गाड्या. खोलींत अंधार होऊन इवल्या शहराचे दिवे लागले, तेव्हां दहा वर्षांचा नातू आणि त्याचे आजोबा यांच्या वयांत कांहींच अंतर उरलें नाहीं. पुढें वाढदिवसाचें निमित्त साधून चिरंजिवांनीं थोडें साहित्य आणून दिलें, सहा फूट लांब व चार फूट रुंद मेज आलें, आणि संसार सुरू झाला.

हें प्रमाण मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचें. त्यांत दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. आपल्याकडील रुंद मार्ग १,६७६ मिलिमीटरांचा. भागाकार केला तर तो सवाएकोणीस भरावयास हवा. म्हणजे आमची दख्खनची राणी, जिचे डबे आम्हीं स्वहस्तें जुन्या निळ्या-पांढऱ्या रंगांत रंगविले आहेत, ती विलायती रुळांवरून किंचित् अंग चोरूनच धांवते.

भांडण असें. नातवास मालगाडी प्रिय, आम्हांस उतारूंची. त्याचें म्हणणें, उतारूंची गाडी नुसती गरगर फिरते. मालगाडीस काम असतें. एक वाघीण गिरणीपाशीं सोडावयाची, दुसरी गोदामापाशीं उचलावयाची, मधली काढावयाची तर पुढल्या दोन बाजूस नेऊन ठेवावयाच्या. कोणता सांधा केव्हां बदलावा यास डोकें लागतें. शिवाय वाघिणी आंखूड, त्या वळण सहज घेतात. उतारूंचा डबा वीतभराहून लांब. आमच्या अरुंद मेजावरील वळणांत त्याचीं टोकें रुळांबाहेर येतात आणि शेजारच्या गाडीस घासतात. हें सर्व खरें होतें, आणि त्यामुळेंच आम्हांस अधिक राग येई.

आमचा पक्ष एवढाच कीं, उतारूंच्या गाडीस वेळापत्रक असतें, खिडक्या असतात, आणि खिडकींत माणूस असतो. दख्खनची राणी १ जून १९३० रोजीं प्रथम धांवली. तेव्हांपासून तिनें किती माणसें नोकरीवर, परीक्षेस, लग्नकार्यास पोंचविलीं असतील! कोळशाची कोण वाट पाहतो? कोळसा आठ तास उशिरां आला म्हणून कोणी दारांत उभें राहून रडत नाहीं.

एके रात्रीं जेवतांना चिरंजिवांनीं यांत भर घातली. ते म्हणाले, "बाबा, रेल्वेच्या उत्पन्नाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग मालवाहतुकीचा आहे. उतारूंच्या भाड्यांत खर्च भागत नाहीं. ती तूट मालगाडी भरून काढते." आम्हीं इतिहासाचा आधार घेऊन १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या चौदा डब्यांच्या गाडीचा दाखला दिला. परंतु तोहि पुरता लागू पडेना. कारण तिच्याहि पूर्वीं, १८५१ सालीं, रुडकीपाशीं गंगेच्या कालव्याच्या कामावर माती वाहणारें इंजिन धांवलें होतें. माणसांच्या आधीं मातीच गाडींत बसली! चिरंजीव हंसले, हात धुतला आणि आपल्या खोलींत गेले. त्यांची कचेरी अमेरिकेच्या घड्याळावर चालते; आमची रात्र ती त्यांची दुपार.

आतां वाचकांपाशीं खरें सांगावयाचें तर आमचा सर्व युक्तिवाद मागाहून रचलेला. मूळ गोष्ट निराळी आहे. आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असूं, ते दौंडास मालगाडीवर गार्ड होते. उतारूंच्या गाडीवरील गार्ड घरीं केव्हां येणार हें घड्याळ सांगे. आमच्या घरीं तें कोणासच सांगतां येत नसे. अपरात्रीं बोलावणें येई. अण्णा कंदील, बावटे आणि लोखंडी पेटी घेऊन निघत, ते दुसऱ्या दिवशीं परतत किंवा तिसऱ्या. दौंड-मनमाड मार्ग तेव्हां एकेरी होता. उतारूंची गाडी यावयाची असली कीं मालगाडीस बाजूच्या रुळावर घालीत, आणि ती तासचे तास तेथेंच उभी राही.

१९६७ सालच्या वैशाखांत आमची मुंज ठरली. आदल्या दिवशीं माणूस कमी पडला म्हणून अण्णांस मनमाडास जावें लागलें. पहाटेपर्यंत परततों असें ते सांगून गेले. मांडव भरला, मातृभोजन झालें, भटजी घड्याळाकडे पाहूं लागले. अखेरीस अण्णांच्या पाटावर थोरले काका बसले. अंतरपाट दूर झाला तेव्हां समोर काकांचें मुख दिसलें. गायत्रीचा उपदेशहि त्यांनींच केला. आई दारांत उभी राहून डोळे पुशीत होती.

अण्णा आले ते दिवेलागणीस. एका आडस्टेशनावर चार गाड्यांस वाट देत त्यांची गाडी उभी होती. अंगावर कोळशाची भुकटी. त्यांनीं कोणास दोष दिला नाहीं. स्नान केलें, आम्हांस जवळ बसविलें आणि म्हणाले, "मुहूर्त गेला, बाळ, पण संध्या रोज आहे." आमची पहिली सायंसंध्या त्यांनीं स्वतः करविली. आम्हीं आचमनें केलीं, पण त्यांच्या मुखाकडे पाहिलें नाहीं. मालगाडीविषयींची अढी तेव्हां बसली ती बसलीच. पुढें अण्णा निवर्तले. त्या दिवसाविषयीं आम्ही त्यांच्याशीं पुन्हां कधीं बोललों नाहीं.

परवां सायंकाळीं नातवानें आपली मालगाडी बाजूच्या रुळावर घातली आणि आमच्या राणीस वाट दिली.

"आजोबा, ही किती वेळ उभी ठेवायची?"

"राणी जाईपर्यंत."

"आणि शेवटच्या डब्यांतल्या गार्डानें तोंवर काय करायचें?"

संस्कृताच्या मास्तरांस उत्तर सुचेना. राणी आली, तिच्या खिडक्यांचा उजेड त्या इवल्या डब्यावर क्षणभर पडला, आणि ती निघून गेली. आमच्या मनांत आलें, त्या वैशाखांत अण्णांच्या पुढून ज्या चार गाड्या गेल्या, त्यांतहि कोणी आपल्या मुलाच्या मुंजीस निघालेला असेल. त्याचा मुहूर्त साधला असेल. रेल्वेंत रीत अशी कीं, उभ्या गाडीचा गार्डहि शेजारून जाणाऱ्या गाडीवर नजर ठेवतो आणि सर्व ठीक असल्याची खूण करतो. म्हणजे अण्णा त्या चारहि वेळां, मांडव डोळ्यांपुढें असतांना, दुसऱ्यांच्या गाडीस बावटा दाखवीत उभे होते. घराची तूट भरून काढणारा मनुष्यच घरांत कमी दिसतो, हें आम्हांस साठ वर्षें उमजलें नव्हतें.

"उभें राहून हिरवा बावटा दाखवायचा," आम्हीं नातवास सांगितलें. त्याला तें फार आवडलें.

२०२२ सालीं गार्ड हें नांवच गेलें. आतां त्यांस ट्रेन मॅनेजर म्हणतात. कांहीं मालगाड्यांच्या शेवटीं तर माणसाऐवजीं यंत्र असतें. त्या रात्रीं चिरंजिवांचें ताट झांकून ठेवलें होतें. अकराच्या सुमारास ते खोलीबाहेर आले, तों आम्ही जागेच होतों. "बाबा, अजून झोपलां नाहीं?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं आमटी गरम केली आणि त्यांचें जेवण होईपर्यंत समोर बसलों.

दख्खनची राणी आम्हांस अजूनहि अधिक प्रिय आहे. या वयांत आवड बदलत नाहीं. मात्र नातवाच्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यास लाल दिवा बसविण्याचें काम आम्हीं आपणांकडे घेतलें आहे. तार फार बारीक आहे आणि आमचा हात कांपतो, तरी या महिन्यांत तो लागेल असें वाटतें.